लागते का, सांग

गांधीबागेतल्या आमच्या दुकानातून चौकापर्यंत चालत गेले की मागून कुणाची तरी हाक यायची, ‘ताई, चप्पल राहिली ना!’ मी खाली बघायचे. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. नागपूरचा रस्ता मे महिन्यात कसा तापतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या रस्त्यावर माझा डावा पाय खुशाल पडत असे. हातगाडीवाले हसायचे, मीही हसायचे, मागे जाऊन चप्पल पायात सरकवायचे आणि घरी गेल्यावर तळवा उलटा करून बघायचे, काही भाजलंय का, काही रुतलंय का. पायात चप्पल आहे की नाही हे मला डोळ्यांनीच कळतं. लेक झाल्यापासून हे असं आहे.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. माहेर म्हणजे काही दूर नाही. आमचं भाड्याचं घर लकडगंजात, आणि आईबाबांचं घर गांधीबागेत, साड्यांच्या ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लग्नानंतरही मी रोज दुकानात येऊन बाबांच्या शेजारी गादीवर बसायचेच. तरी सामान भरून, ओटी भरून, रीतसर मला आणलं गेलं. नवरा कन्हानच्या कोळसा खाणीत नोकरीला. तो तिकडून सुटला की संध्याकाळी मोटरसायकलवर माझ्याकडे यायचा आणि दाराशीच काळे हात धुऊन आत शिरायचा.

कळा दिवसभर सोसल्या आणि शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ खाली सरकत नाहीये, सिझर करू. मला टेबलावर बसवलं. छातीशी उशी धरायला दिली आणि पाठ गोल करायला सांगितली. भूल देणारे डॉक्टर मागून म्हणाले, ‘आता अजिबात हलायचं नाही.’ ऐन कळेत असलेल्या बाईला हलू नका म्हणणारा माणूस एकदा माझ्या जागी बसवून बघायला हवा, असं मला तेव्हाही वाटलं. मी दात दाबून बसले. कमरेत सुई शिरली, आणि एकदम डाव्या पायात करंट गेला. कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत. पाय आपोआप झटकला गेला.

‘करंट गेला पायात,’ मी ओरडले.

‘गेला की अजून जातोय?’

‘गेला.’

ते थांबले. सुई थोडी मागे घेतल्यासारखी वाटली, मग पुन्हा आत. नंतर कमरेखाली ऊब पसरत गेली आणि दोन्ही पाय नाहीसे झाले. थोड्या वेळात पडद्यापलीकडे लेक रडली. इतका बारीक, इतका रागीट आवाज. मी हसले आणि रडले. करंटाचं पार विसरून गेले.

उजवा पाय त्याच संध्याकाळी परत आला. डावा उशिरा आला, आणि आला तोही पूर्ण आला नाही. नर्स म्हणाली औषधाचा असर आहे, जाईल. मी घरी आले ती पाय ओढत. उंबरठ्याला बोटं अडायची. पिंडरीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या कडेला हात लावला, तर हाताला पाय लागायचा, पायाला हात लागायचा नाही.

आणि कंबर. कंबर तर अशी धरली होती की कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. बाळाला पाजताना वाकलं की सरळ होता येईना. बाळ बघायला येणाऱ्या बायकांचा हा आवडता विषय निघाला. प्रत्येकीची कंबर त्या सुईनंच गेलेली! एका मावशीची तर मुलगी आता कॉलेजात होती, तरी पाऊस आला की सुईची जागा ठणकायची. एक शेजारीण म्हणाली, मी सिलिंडर उचललं तेव्हा कंबर लचकली, पण मूळ कारण सुईच. दवाखान्यात जाऊन विचारलं तर तिथे उलटा सूर. कंबरदुखीचा सुईशी काही संबंध नसतो, वजन वाढलेलं असतं, वाकून पाजता, व्यायाम करा. घरात सगळ्या दुखण्यांचं खापर सुईवर, दवाखान्यात कशाचंच नाही. मी दोन्हीकडे वैतागले.

वैतागायचं खरं कारण वेगळं होतं. मी म्हणायचे, माझा पाय सुन्न आहे. समोरची बाई ऐकायची, हिचा पाय दुखतो. लगेच म्हणायची, ‘हो वं, दुखतेच ते. माहा बी दुखत होता.’ दुखण्यावर सगळ्यांचा विश्वास होता, अगदी गरजेपेक्षा जास्त. पण मला दुखत नव्हतं. तिथे काहीच होत नव्हतं, आणि काहीच न होण्याची तक्रार कशी करायची असते ते मला येत नव्हतं.

मला भीती एकाच गोष्टीची होती. लेकीला घेऊन मी चालत असेन आणि डावा पाय मला न सांगताच मुडपेल. आईच्या घराचा जिना उभा आहे, जुना, मधे एक वळण. त्या जिन्यावर मी तिला कधी घेतलं नाही. डोस द्यायला न्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं, तर आई पुढे तिला घेऊन आणि मी मागे कठडा धरून. नवरा असला की म्हणायचा, ‘थांब, मी घेतो तिले.’ किती मायेनं म्हणायचा. आणि मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिला मी पोटात घेऊन हा जिना शेकडो वेळा चढले-उतरले होते, तिलाच आता घेऊन उतरू शकत नव्हते.

आईकडे या सगळ्यावर एकच उपाय होता, शेक. दवाखान्यातून बजावलं होतं, शेकशेगडी काही करू नका. आईनं मान डोलावली होती. आणि टाके सुकेपर्यंत ती थांबलीही, हे मला तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. मग एका सकाळी तिनं बाज टाकली, घमेल्यात निखारे घेतले, वर ओवा, शेपा आणि लसणाची टरफलं टाकली. खोलीभर तो वास. लहानपणी कुणाच्याही बाळंतपणात घरभर भरून राहायचा तोच. खरं सांगते, मला बरं वाटलं. दुपारची वेळ, लेक झोपलेली, आई खाली उकिडवी बसून बाजेखाली घमेलं सरकवतेय आणि कमरेच्या गाठी एकेक सुटताहेत.

‘लागते का?’

‘नाही.’

‘लागलं त सांगजो वं.’

शेकाची रीतच अशी आहे. देणारीनं विचारायचं, घेणारीनं सांगायचं. दुसरं कुठलंच माप त्याला नाही. आई आधी स्वतःचा उलटा हात धरून धग बघायची, मग घमेलं सरकवायची, मग विचारायची. कमरेला झालं, मांड्यांना झालं. उजव्या पायाला धग आली तशी मी म्हटलं, ‘बस्स.’ तिनं लगेच घमेलं डावीकडे घेतलं.

‘लागते का?’

‘नाही.’

‘मंग जवळ घेतो थोडं.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘आता?’

‘नाही ना.’

‘दुखऱ्या पायालेच जास्त लागते शेक,’ आई समाधानानं म्हणाली. ‘पाहय, कसा ओढून राहिला.’ आणि अजून जवळ घेतलं. मी डोळे मिटून पडले होते. सुखात होते. बहुतेक मला डुलकीही लागली.

संध्याकाळी आई माझ्या पायात मोजे घालायला बसली. उजवा घातला. डाव्यावरचा गाऊन वर सारला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की पाळण्यात लेक दचकली. मी उठून बघितलं. पिंडरीच्या बाहेरच्या अंगाला, पार घोट्यापर्यंत, फोड आले होते. मोठे, पाण्यानं टचटचलेले. बाजेच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून जेवढी धग आली तेवढ्या जागेवर. मी स्वतःच्या पायाकडे परक्यासारखी बघत बसले. दुखत अजूनही नव्हतं.

‘तू काहून नाही सांगितलं?’ आई रडत विचारत होती. ‘मी विचारून राहिली होती न तुले! काहून नाही सांगितलं?’

मला इतका राग आला. मी ओरडले, ‘महिनाभर सांगतेच तर आहे! सुन्न आहे, सुन्न आहे, सुन्न आहे!’ आई अगदी हळू म्हणाली, ‘मले वाटलं दुखते.’

त्या फोडांचा एक उपयोग झाला. सगळ्यांना एकदाच कळलं. धंतोलीतल्या नसांच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा पायावरून फिरवला. लागलं की हो म्हणा. मी बराच वेळ हो म्हणायची वाट बघत होते. डोळे उघडले तर बोळा टेबलावर ठेवून झाला होता आणि नवरा खिडकीबाहेर बघत होता. नसांत करंट सोडून बघायची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नसेला इजा आहे. सुईनं झाली असेल, किंवा इतका वेळ कळा चालल्या तेव्हा बाळाच्या डोक्यानं ओटीपोटातली नस दाबली गेली असेल. नक्की अमुक एकानंच, असं मी सांगू शकत नाही. ताकद परत येईल, हळूहळू. सुन्नपणा काही जाईल, काही राहील. कमरेचं दुखणं वेगळं आहे, ते व्यायामानं कमी होईल. पाणी हातानं तपासून मगच पायावर घ्या. तळवा रोज बघा. पट्ट्याची चप्पल घाला.

मला एक गुन्हेगार हवा होता. पाय परत येणार नसेल तर निदान तो तरी मिळावा. म्हणून मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेले. वाटेत रिक्षात सगळं भांडण तोंडपाठ केलं. ते दवाखान्याच्या जिन्याखालच्या छोट्या खोलीत चहा पीत बसले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि ते म्हणाले, ‘तुम्ही करंट गेला म्हणालात. आठवतंय मला.’

मला वाटलं होतं ते नाकारतील.

‘मी सुई मागे घेतली होती,’ ते म्हणाले. ‘तसंच करायचं असतं. बहुतेकांना पुढे काही होत नाही. तुम्हाला झालं. त्या सुईनं झालं असू शकेल. मी नाही म्हणणार नाही.’ चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला. ‘दुसऱ्या दिवशी येऊन मीच पाय बघायला हवा होता.’

एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? माझं सगळं पाठांतर वाया गेलं. बाहेर आले आणि रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले. आज विचाराल तर सांगते, त्या माणसावर माझा राग नाही. पण गेला म्हणावा असाही तो गेलेला नाही. कुठेतरी बसलेला असतो.

आईनं मात्र गुन्हेगार शोधून ठेवला होता. ‘म्याच भाजलं तुले,’ असं ती कुणीही आलं की आपणहून सांगायची. दवाखान्यात मलमपट्टी करून फोडांच्या जखमा भरल्या, चामडी काळसर राहिली. घमेलं तिनं गच्चीवर नेऊन टाकलं. पुढे माझ्या वहिनीचं बाळंतपण झालं, तिला शेक दिला नाही, आणि कुणी आठवण केली तर आई उठून आत जायची. माझ्या आंघोळीचं पाणी मात्र अजूनही, मी माहेरी असले की, ती बादलीत कोपरापर्यंत हात घालून बघते. मी चिडते. म्हणते, मला दोन हात आहेत. ती ऐकत नाही.

ताकद आली. बोटं उंबरठ्याला अडायची थांबली. कंबर व्यायामानं सुटली, पूर्ण नाही, पण दिवस निभतो इतकी. सुन्नपणा गुडघ्याखालून सरकत खाली आला आणि पावलाशी थांबला. मी दुकानात परत आले. आमच्याकडे गादीवर मांडी घालून बसायचं असतं, पांढरी चादर, समोर गिऱ्हाईक. मला मांडी जमेना. पाय लांब करून बसावं लागे, आणि गिऱ्हाइकाकडे पाय करून बसणं म्हणजे काय ते दुकानदाराच्या लेकीला कुणी शिकवायला नको. पहिल्या दिवशी मी अवघडून बसले होते. बाबांनी ताग्यातला एक तुकडा उलगडला आणि माझ्या पायांवर टाकला. तेव्हापासून तो तुकडा गादीखालीच असतो. मी बसले की बाबा टाकतात.

यंदाच्या लग्नसराईत सावनेरकडचं एक शेतकरी कुटुंब बस्त्याला आलं होतं. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. नवरी, तिची आई, आत्या, काकू, शेजारणी. एका बस्त्यात दुकानाचं काय होतं ते बघायलाच हवं. शंभर साड्या उलगडायच्या, तेव्हा एक बाजूला निघते. गादीवर साड्यांचा डोंगर झाला होता, माझ्या पायांवरही. लेक आता बोलकी, पळती. सकाळपासून दुकानातच खेळत होती.

एकदम लक्षात आलं की ती दिसत नाही.

मी हाक मारली. ओ नाही. बाबांनी मारली. आई जिन्यावरून खाली आली, वरही नव्हती. बाहेर रस्ता हातगाड्यांनी, गठ्ठे वाहणाऱ्यांनी, गाड्यांनी भरलेला. बाबा अनवाणीच बाहेर धावले. नवरीची आत्या देवाचं नाव घेऊ लागली. मी बसल्या जागेवरून ओरडत होते, उठायची धडपड करत होते, आणि पायांवरच्या साड्या भराभर बाजूला फेकत होते.

शेवटची साडी काढली, बाबांचा तुकडा काढला, आणि ती तिथे होती. पोटावर पडून, घामेजलेली, केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हातांनी तिनं माझं डावं पाऊल धरलं होतं आणि गाल त्यावर टेकवला होता.

मी तिला एक धपाटा घातला. मग उचलून छातीशी धरलं. ‘हाक ऐकू येत नव्हती का तुला?’

‘लपाछपी होती ना,’ ती म्हणाली. आजीच्या तोंडची भाषा तिच्या तोंडात बसली आहे. ‘मी इथंच त होती. तुह्या पायाले धरून. म्या गुदगुल्या बी केल्या. तू हासलीच नाही.’

आईनं पदर तोंडाला लावला. मी लेकीला मांडीवर घेऊन सांगितलं, आईचा हा पाय झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. तू झालीस तेव्हापासून झोपलाय. ती गंभीरपणे ऐकत होती. मग खाली सरकली, डाव्या पावलावर बोट दाबलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘लागते का, सांग.’

‘नाही.’

उजव्यावर दाबलं. ‘आता?’

‘हो.’

तिनं पुन्हा डावा तपासला, पुन्हा उजवा. आईला ते बघवलं नाही, ती वर निघून गेली. बाबा आत आले आणि पाय पुसत बसले. नवरीची आई म्हणाली, ती अंजिरी साडी दाखवा पुन्हा. बस्ता पुढे सुरू झाला.

आठवड्याभरात दुसरा बस्ता आला. पुन्हा डोंगर झाला, पुन्हा पायांवर तुकडा, तुकड्यावर साड्या. मी गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होते आणि उजव्या पायाचा अंगठा एका छोट्या मुठीनं घट्ट धरला. ओली, गरम मूठ. मी पदर दाखवत राहिले. पाय हलवला नाही.